आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल

आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल (जन्म : २६ सप्टेंबर १८८६, ब्रिस्टल, इंग्लंड, मृत्यू : ३ जून १९७७, केंब्रिज, इंग्लंड) हे इंग्लिश शरीरक्रियावैज्ञानिक होते. स्नायूंमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेसंबंधीच्या संशोधनासाठी त्यांना १९२२ सालचे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो मेयरहोफ यांच्यासह विभागून मिळाले. कमाल ऑक्सिजन ग्रहण आणि ऑक्सिजन ऋण या दोन कल्पनांमुळे ते आधुनिक व्यायामशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानले जातात. आज धावपटूंच्या इंटरव्हल प्रशिक्षणाची तीव्रता ठरवताना वापरली जाणारी विनॉक्सी राखीव वेगाची संकल्पना, म्हणजेच प्रशिक्षकांच्या परिभाषेतील ॲनएरोबिक स्पीड रिझर्व्ह, त्यांच्या निधनानंतर बऱ्याच काळाने रूढ झाली. मात्र तिच्यासाठी लागणारी दोन्ही मोजमापे त्यांनी १९२० च्या दशकातच केली होती.

बालपण व शिक्षण

हिल यांचे वडील जोनाथन हे इमारती लाकडाचे व्यापारी होते. आर्चिबाल्ड लहान असतानाच ते कुटुंब सोडून गेले आणि आई एडा यांनी आर्चिबाल्ड व त्यांची बहीण म्युरिएल यांना एकटीने वाढवले. टिव्हर्टन येथील ब्लंडेल्स शाळेत शिकत असताना त्यांना केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. तेथे त्यांनी गणित घेतले आणि १९०७ च्या ट्रायपॉस परीक्षेत तिसरे रँग्लर झाले. महाराष्ट्रात रँग्लर या पदवीला र. पु. परांजपे यांच्यामुळे विशेष वलय लाभले आहे. परांजपे १८९९ मध्ये याच परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले होते.

गणितात पुढे जाण्यात हिल यांना रस वाटेना. त्यांचे शिक्षक वॉल्टर मॉर्ली फ्लेचर यांच्या सल्ल्याने ते शरीरक्रियाविज्ञानाकडे वळले. गणिताची सवय मात्र सुटली नाही. हिमोग्लोबिनशी ऑक्सिजन कसा जोडला जातो हे दाखवणारे १९१० मधील त्यांचे समीकरण आजही हिल समीकरण याच नावाने औषधशास्त्रात व जीवरसायनशास्त्रात शिकवले जाते. त्या वेळी ते अवघे तेवीस वर्षांचे होते.

१९१३ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट केन्स यांच्याशी झाला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स हे मार्गारेट यांचे बंधू. या दांपत्याला दोन मुली व दोन मुलगे झाले. थोरली मुलगी पॉली हिल पुढे अर्थशास्त्र व मानवशास्त्रातील संशोधक म्हणून ओळखली गेली.

स्नायूंतील उष्णता

स्नायू आकुंचन पावताना उष्णता बाहेर पडते हे एकोणिसाव्या शतकातच माहीत झाले होते. ही उष्णता नेमकी कधी बाहेर पडते, हा हिल यांच्यापुढील प्रश्न होता. बेडकाचा बारीक स्नायू एकदा आकुंचन पावला की त्याचे तापमान एका अंशाच्या काही हजारांशानेच वाढते, आणि तेही क्षणभर. ते मोजण्यासाठी त्यांनी तापविद्युत् उपकरणे अत्यंत संवेदनशील केली. विल्यम हार्टरी या सहकाऱ्यासोबत त्यांनी दाखवून दिले की उष्णता दोन टप्प्यांत निघते. पहिला भाग आकुंचनाच्या वेळी निघतो आणि त्यासाठी ऑक्सिजन लागत नाही. दुसरा भाग आकुंचन संपल्यावर कित्येक मिनिटे हळूहळू निघत राहतो, आणि तो ऑक्सिजन असेल तरच निघतो.

याचा अर्थ असा की स्नायू आधी काम करतो आणि ऑक्सिजनचा हिशोब नंतर चुकता करतो. मेयरहोफ यांनी रासायनिक मार्गाने, लॅक्टिक आम्लाचा मागोवा घेत, त्याच सुमारास याच्याशी जुळणारे निष्कर्ष काढले होते. म्हणून पारितोषिक दोघांना मिळाले. १९२२ चे हे पारितोषिक प्रत्यक्षात १९२३ मध्ये जाहीर झाले.

धावपटूंवरील प्रयोग

१९२० मध्ये हिल मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. बेडकाच्या स्नायूत जे दिसले ते धावणाऱ्या माणसात दिसते का, हे त्यांना पाहायचे होते. हार्टली लप्टन या सहकाऱ्यासह त्यांनी प्रयोग सुरू केले आणि पहिल्या प्रयोगपात्रांमध्ये स्वतः हिलही होते. गवताच्या छोट्या वर्तुळाकार धावपट्टीवर ठरावीक वेगाने धावायचे, पाठीवर रबरी अस्तराची मोठी पिशवी बांधायची, तोंडातील झडपेतून बाहेर पडणारा श्वास तिच्यात साठवायचा आणि मग त्यातील वायूंचे पृथक्करण करायचे, अशी पद्धत होती.

वेग वाढवत नेला की दर मिनिटाला शरीरात घेतला जाणारा ऑक्सिजनही वाढत जातो. हिल यांच्या बाबतीत तो मिनिटाला सुमारे ४ लिटरपर्यंत पोहोचला आणि तेथे अडला. त्यापुढे वेग वाढवला तरी ऑक्सिजन वाढेना. या मर्यादेला पुढे कमाल ऑक्सिजन ग्रहण असे नाव मिळाले. ही मर्यादा मुख्यतः हृदय व रक्ताभिसरण यांच्यामुळे पडते असे हिल व लप्टन यांचे मत होते.

धावणारा मात्र त्या मर्यादेपाशी थांबत नाही. तो अधिक वेगाने धावू शकतो, फक्त फार वेळ नाही. समजा, एखाद्या वेगासाठी मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजनइतकी ऊर्जा लागते आणि शरीर ४ लिटरच पुरवू शकते. मग दर मिनिटाला १ लिटरची तूट साचत जाते. धाव संपल्यावर धावपटू बराच वेळ जोरजोरात श्वास घेत राहतो तो ही तूट भरून काढण्यासाठी, असे हिल यांनी मांडले. या तुटीला त्यांनी ऑक्सिजन ऋण म्हटले. कर्ज किती काढता येईल याला प्रत्येकाची मर्यादा असते, आणि ती गाठली की वेग सोडावाच लागतो. गावच्या सावकारीपासून बँकेपर्यंत कर्जाचा व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही ही उपमा समजते, आणि कदाचित म्हणूनच ती शंभर वर्षे टिकली.

विक्रमांचा आलेख

१९२३ मध्ये हिल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या जागी प्राध्यापक झाले आणि १९२६ पासून रॉयल सोसायटीचे संशोधन प्राध्यापक म्हणून तेथेच राहिले. १९२५ मध्ये साउदॅम्प्टन येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात शरीरक्रियाविज्ञान विभागाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी क्रीडाविक्रमांच्या शारीरिक आधारावर भाषण केले. धावणे, पोहणे, स्केटिंग, सायकल, वल्हवणे अशा प्रकारांतील, पुरुषांचे आणि स्त्रियांचेही, विक्रम घेऊन त्यांनी सरासरी वेग आणि लागलेला वेळ यांचा आलेख काढला. विक्रमवीर आपली शर्थ करूनच धावलेला असतो. तेव्हा विक्रमांची यादी म्हणजे कोणीतरी आधीच करून ठेवलेला एक प्रचंड प्रयोगच आहे, असा त्यामागचा विचार होता.

आलेखात सरासरी वेग सर्वाधिक दिसला तो १०० यार्डांपाशी नव्हे, तर २०० यार्डांच्या आसपास. लहान शर्यतीत सुरुवातीला वेग घेण्यात गेलेला वेळ सरासरी खाली ओढतो. त्यानंतर वक्र झपाट्याने खाली येतो आणि काही मिनिटांच्या शर्यतींपासून पुढे जवळजवळ सपाट होत जातो. उतरता भाग ऋणावर चाललेला, सपाट भाग मुख्यतः श्वासातून येणाऱ्या ऑक्सिजनवर चाललेला, असा अर्थ हिल यांनी लावला.

हिल स्वतः तरुणपणी बऱ्यापैकी धावपटू होते. पाव मैल ५३ सेकंदांत आणि एक मैल ४ मिनिटे ४५ सेकंदांत या त्यांच्या वेळा होत्या. म्हणजे पाव मैलाला सेकंदाला सुमारे ७.६ मीटर आणि मैलाला सुमारे ५.६ मीटर. चौपट अंतरासाठी सेकंदाला २ मीटर सोडून द्यावे लागले. त्यांनी जगभरच्या विक्रमांत शोधलेला उतार त्यांच्या स्वतःच्या पायांतही होता.

छातीवरील चुंबक

१९२७ च्या सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात व्याख्याने देण्यासाठी गेले असता हिल यांनी वक्राच्या दुसऱ्या टोकाकडे लक्ष वळवले. धावपटूच्या अंगावर चुंबकित पोलादी पट्टी बांधली जाई आणि धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरांवर तारेची वेटोळी उभी केली जात. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला की विद्युत्प्रवाहाचा झटका नोंदला जाई. स्टॉपवॉच हातात धरणाऱ्याच्या बोटावर अवलंबून न राहता प्रत्येक टप्प्याचा वेळ मिळत असे. फुरुसावा आणि पार्किन्सन या सहकाऱ्यांसह त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. वेगवान धावपटू पहिल्या काही सेकंदांतच आपल्या सर्वोच्च वेगाच्या जवळ पोहोचतो आणि त्यानंतर तो वेग वाढवत नसतो, फार तर टिकवत असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

अशा प्रकारे १९२७ अखेर हिल यांच्याकडे माणसाच्या धावण्याची दोन्ही टोके होती : ऑक्सिजनच्या मर्यादेचा वेग आणि स्नायूंच्या मर्यादेचा वेग. दोहोंची वजाबाकी करून ती प्रशिक्षणाचे माप म्हणून वापरावी असे मात्र त्यांना सुचले नाही, किंवा त्याची गरज वाटली नाही. खेळाडूंना तयार करणे हा त्यांचा उद्देशही नव्हता. अमेरिकेतील एका व्याख्यानानंतर या प्रयोगांचा उपयोग काय असे विचारले गेले, तेव्हा हे उपयोगासाठी नव्हे तर गंमत वाटते म्हणून करतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते.

चुका व दुरुस्त्या

हिल यांच्या मांडणीतील काही भाग टिकला नाही. सर्वोच्च वेगाला मर्यादा पडते ती स्नायूंच्या अंतर्गत चिकटपणामुळे, असे ते मानत. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या वॉलेस फेन यांच्या प्रयोगांनी या मताला धक्का दिला : आखडताना काम करणारा स्नायू जास्त ऊर्जा बाहेर टाकतो, म्हणजे ऊर्जा आधी साठवून नंतर चिकटपणात वाया जात नाही. १९३८ मध्ये हिल यांनी स्वतः नव्या मोजमापांवरून स्नायूचे बल आणि आखडण्याचा वेग यांचा संबंध सांगणारे समीकरण मांडले आणि जुनी कल्पना मागे पडली.

लॅक्टिक आम्लाचे प्रकरण याहून मोठे होते. आकुंचनासाठी लॅक्टिक आम्ल तयार व्हावेच लागते, ही हिल व मेयरहोफ यांच्या सिद्धान्ताची बैठक होती. १९३० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ आयनार लुंड्सगार्ड यांनी विषप्रयोग करून लॅक्टिक आम्लाची निर्मिती बंद केलेला स्नायूही काही काळ आकुंचन पावतो हे दाखवले. नोबेल पारितोषिक ज्या कामासाठी मिळाले त्याच्याच पायाला हात घालणारा हा शोध होता. हिल यांनी तो नाकारला नाही. १९३२ मधील लेखात त्याला त्यांनी स्नायुविज्ञानातील क्रांती ठरवले. पुढच्याच वर्षी मार्गारिया, एडवर्ड्स व डिल यांनी हार्वर्ड येथे ऑक्सिजन ऋणाचे दोन भाग केले. एक लवकर फिटणारा व लॅक्टिक आम्लाशी संबंध नसलेला, दुसरा सावकाश फिटणारा. इंटरव्हल प्रशिक्षणात दोन धावांमधील विश्रांती किती असावी हा प्रश्न या फरकाशी थेट निगडित आहे.

कमाल ऑक्सिजन ग्रहणाची सपाट मर्यादा प्रत्येक धावपटूत खरोखरच दिसते का, यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस बराच वाद झाला. वादातील दोन्ही बाजूंनी हिल यांच्याच मूळ लेखांचा आधार घेतला.

युद्धे, निर्वासित व संसद

पहिल्या महायुद्धात हिल यांनी विमानविरोधी तोफांच्या माऱ्याचे गणित करणारा गट चालवला. त्यात राल्फ फाउलर, एडवर्ड मिल्न यांसारखे गणिती होते. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू व विरोधी मतांच्या प्राध्यापकांना नोकऱ्यांवरून काढले जाऊ लागले. विल्यम बेव्हरिज, अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्यासह हिल यांनी अशा निर्वासित विद्वानांना मदत करणारी संस्था उभी केली. लाइपझिगहून आलेले बर्नार्ड कॅट्झ यांना त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. कॅट्झ यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रडारच्या विकासाला चालना देणाऱ्या टिझर्ड समितीचे हिल सदस्य होते, आणि १९४० ते १९४५ या काळात केंब्रिज विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते ब्रिटिश संसदेत होते.

भारतभेट

१९४३ च्या अखेरीस भारत सरकारच्या निमंत्रणावरून हिल भारतात आले आणि १९४४ च्या वसंतापर्यंत त्यांनी देशातील वैज्ञानिक व वैद्यकीय संस्था पाहिल्या. भारतातील वैज्ञानिक संशोधनावरील त्यांचा अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय शिक्षक व संशोधक घडवणारी एक अखिल भारतीय संस्था असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याच काळात आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीचे काम चालू होते. तिचे अध्यक्ष जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातही अशा संस्थेची शिफारस आली. १९५६ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, स्थापन झाली.

उत्तरायुष्य

१९४६ मध्ये हिल यांना कम्पॅनियन ऑफ ऑनर हा किताब आणि १९४८ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १९५१ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते अनेक वर्षे प्रयोगशाळेत जात राहिले. १९५२ मध्ये ते ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष होते. १९६५ मध्ये त्यांचे स्नायूंवरील प्रयोगांचा आढावा घेणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. अखेरची वर्षे त्यांनी केंब्रिज येथे काढली. १९७० मध्ये मार्गारेट यांचे, तर १९७७ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे स्वतःचे निधन झाले.

इंटरव्हल प्रशिक्षण व विनॉक्सी राखीव वेग

हिल मोजत होते त्याच काळात युरोपातील प्रशिक्षक अनुभवातून इंटरव्हल प्रशिक्षणाकडे वळत होते. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी हृदयतज्ज्ञ हान्स राइंडेल यांच्या मदतीने छोट्या वेगवान धावा व मोजकी विश्रांती अशी पद्धत बसवली. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले; हा विक्रम १९५५ पर्यंत टिकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जेथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, तेथेच एमिल झाटोपेक याने ५,०००, १०,००० मीटर व मॅरॅथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या आणि इंटरव्हल पद्धत जगभर पोहोचली.

या पद्धतीत एक अडचण राहिली. धावांचा वेग बहुधा कमाल ऑक्सिजन ग्रहणाच्या वेगाच्या टक्केवारीत सांगितला जातो. मर्यादेच्या खालच्या वेगांसाठी ते बऱ्यापैकी चालते. वरच्या वेगांसाठी ते फसवे ठरते, कारण तेथे धावपटूकडे वर किती जागा शिल्लक आहे यावर श्रम ठरतात. ही शिल्लक जागा म्हणजे विनॉक्सी राखीव वेग : सर्वोच्च वेग वजा कमाल ऑक्सिजन ग्रहणाचा वेग. २००३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की ही दोन टोके माहीत असली तर काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच्या सर्वशक्तीनिशी धावण्याचा वेग थोड्या टक्क्यांच्या फरकाने वर्तवता येतो. हिल यांच्या वक्राचा उतरता भाग अशा रीतीने एकेका धावपटूसाठी काढता येऊ लागला.

महाराष्ट्रात ही कल्पना वापरण्याजोगी परिस्थिती प्रयोगशाळेबाहेरच आहे. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर व १०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर व १०० मीटर अशा दोन्ही धावा द्याव्या लागतात. त्यामुळे कुर्डुवाडीसारख्या गावातील मैदानावर सराव करणाऱ्या तरुणाकडेही स्टॉपवॉच व मोजपट्टी एवढ्या साधनांवर दोन्ही टोकांचा अंदाज येऊ शकतो. समजा, दोन उमेदवार १,६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत धावतात. दोघांचाही वेग सेकंदाला ५ मीटर. इतका वेळ चालणारी धाव कमाल ऑक्सिजन ग्रहणाच्या वेगाच्या जवळ असते. पहिल्याचा सर्वोच्च वेग ८ मीटर आहे, दुसऱ्याचा ९.५ मीटर. राखीव वेग अनुक्रमे ३ आणि ४.५ मीटर.

दोघांना १२० टक्के, म्हणजे ६ मीटर वेगाने २० सेकंदांच्या धावा दिल्या, तर पहिला आपल्या राखीव वेगाचा ३३ टक्के भाग वापरतो आणि दुसरा २२ टक्के. कागदावर सराव एकच, पण पहिला काही फेऱ्यांतच ढेपाळतो आणि दुसऱ्याला पुरेसा ताण मिळत नाही. त्याऐवजी दोघांना राखीव वेगाच्या ३० टक्के वर धावायला सांगितले, तर पहिल्याचा वेग ५.९ मीटर व दुसऱ्याचा ६.३५ मीटर येतो. २० सेकंदांत पहिल्याने ११८ मीटरवर आणि दुसऱ्याने १२७ मीटरवर ठेवलेल्या खुणेपर्यंत पोहोचायचे. श्रम आता तुलनेने सारखे होतात.

सर्वोच्च वेग मात्र १०० मीटरच्या एकूण वेळेवरून काढता येत नाही. १३ सेकंदांत १०० मीटर म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर ही सरासरी झाली. सुरुवातीचे वेग घेण्याचे सेकंद तिच्यात मिसळलेले असतात. त्यासाठी धावपटूला आधी ३०-४० मीटर धावू देऊन पुढच्या २० मीटरचा वेळ स्वतंत्र घ्यावा लागतो. हाताने घेतलेल्या स्टॉपवॉचमध्ये एवढ्या लहान अंतरावर दशांश सेकंदाची चूकही वेग सेकंदाला जवळजवळ अर्ध्या मीटरने बदलू शकते. म्हणून तीन-चार वेळा मोजून मधला आकडा घेणे, किंवा मोबाइलवरील संथगती चित्रण वापरणे, अधिक सुरक्षित ठरते.